सुरूल, डार्टिंग्टन आणि अल्मोडा

गेल्या माघ महिन्यात आमच्या देवस्थानाच्या महाजनांची बैठक भरली असता एक अनपेक्षित अर्ज वाचला गेला. एका संस्थेने विचारणा केली होती की, देवस्थानाच्या अग्रशाळेतील दोन खोल्या सहा महिन्यांकरिता मिळू शकतील काय. तेथे मृत्तिकाशिल्प करणाऱ्या एक बाई, एक चित्रकार आणि पाणी व जमीन यांचा अभ्यास केलेला एक तरुण अभियंता असे तिघे राहतील. देवळाची गाळाने भरत चाललेली तळी आणि तिच्या पाण्यावर जगणारी खालची कुळागरे यांचे निरीक्षण करतील. आणि पाणी पुढेही टिकून राहील असा काही उपाय, व त्याजबरोबर काही कलाकृती, मागे ठेवून जातील. अशा योजनेस हल्ली 'रेसिडेन्सी फेलोशिप' असे नाव आहे. आम्ही या लेखापुरते तिला निवासवृत्ती म्हणू. अर्ज वाचून होताच सभेत कुजबुज सुरू झाली. तेव्हा ऐंशी ओलांडलेले एक महाजन उठले आणि त्यांनी एवढेच विचारले, "ते रावतले खंय, जेवतले कितें, आनी वतले केन्ना?"

सभेत हशा पिकला आणि अर्ज पुढील बैठकीवर गेला. परंतु आम्ही कायद्याचे पदवीधर आणि समितीचे नेहमीचे मसुदेकार असल्यामुळे, संस्थेशी करावयाच्या कराराचे काम ओघानेच आमच्याकडे आले. वकिलाला दाखल्यावाचून लेखणी उचलवत नाही. असा प्रयोग पूर्वी कोणी केला, कोणाच्या जमिनीवर केला, पैसा कोणाचा होता आणि अखेर त्याचे काय झाले, हे पाहावयास आम्ही बसलो. पाहता पाहता मसुदा बाजूस राहिला आणि हा लेख तयार झाला.

कलावंतास काही काळ घर आणि अन्न देऊन निश्चिंत करावे, ही कल्पना नवी नव्हे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या अमदानीत १६६६ साली रोम येथे फ्रेंच अकादमी स्थापन झाली, ती याचसाठी. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील पीटरबरो येथे १९०७ साली मॅकडॉवेल वसाहत निघाली. तेथे दुपारच्या जेवणाची टोपली कलावंताच्या कुटीच्या दाराशी ठेवून माणूस निमूटपणे परत फिरतो, त्याची तंद्री मोडू नये म्हणून. आमच्या वृद्ध महाजनांचे या व्यवस्थेने दुसऱ्या प्रश्नापुरते समाधान झाले असते. परंतु अशा ठिकाणी कलावंत कलावंतांतच राहतो. भोवतालच्या गावाचे, तेथील मातीचे आणि विहिरींचे त्याच्यावर काही देणे नसते. शेतकी जाणणारा, वैद्य, सुतार, चित्रकार आणि गवई यांनी एका आवारात राहावे आणि त्या आवाराभोवतीच्या भूमीचे आरोग्य हाच त्यांच्या सर्वांच्या कामाचा विषय असावा, हा विचार निराळा आहे. त्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच देशात, बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात, १९२२ साली सुरू झाला.

त्याच्याही आधीची एक हकीगत इंदूरकर वाचकांस ठाऊक असेल. इतरांसाठी ती थोडक्यात सांगतो. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडीस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. होळकर दरबाराने त्यांस इंदूर शहराच्या सुधारणेसाठी बोलावले, आणि त्यांचा दोन भागांतील अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. शहरात प्लेगची दहशत होती. नव्या साहेबाविषयी लोकांच्या मनात संशय होता. गेडीस यांनी दरबाराकडून एका दिवसापुरता महाराजांचा मान मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक स्वतः योजिली. जो भाग अधिक स्वच्छ होईल त्या भागातून मिरवणूक जाईल, अशी दवंडी पिटविली. मिरवणुकीत राक्षस होते, पण ते घाणीचे; प्लेगचा अवाढव्य उंदीर होता, हिवतापाचे डास होते, आणि लक्ष्मीच्या मागोमाग इंदूर नगरी हीच एक नवी देवता रथात बसली होती. नोटिसा काढून जे साधले नसते, ते शहरातल्याच मूर्तिकारांनी आणि वाजंत्र्यांनी साधले. आरोग्यशास्त्र आणि उत्सव यांची अशी सांगड घालणारे हे गृहस्थ १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. रवींद्रनाथांशी त्यांचा स्नेह होता. त्यांचे चिरंजीव आर्थर हे पुढे ज्या ठिकाणी काम करावयास गेले, तेच आमचे पहिले प्रकरण होय.

शांतिनिकेतनापासून जवळच सुरूल नावाचे खेडे आहे. तेथील एक जुनी कोठी व तिच्याभोवतीची जमीन रवींद्रनाथांनी १९१२ साली विकत घेतली होती. जमीन आमच्याकडील जांभ्याच्या सड्यासारखी तांबडी. झाडे तुटल्यावर पावसाने तिला घळी पाडल्या होत्या, त्यांस तिकडे 'खोआई' म्हणतात. गावे हिवतापाने पोखरलेली होती. रवींद्रनाथांस ही दुःखे कवितेच्या वहीतून कळली नव्हती. पूर्व बंगालमधील वडिलोपार्जित जमीनदारीचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षे पाहिला होता, पतिसर येथे कुळांसाठी कृषी बँक काढली होती, आणि १९१३ च्या नोबेल पारितोषिकाची रक्कमही त्यांनी त्या बँकेत गुंतविली, जेणेकरून कुळांना कर्ज मिळावे आणि व्याज शाळेच्या कामी यावे. पुढे कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचे कायदे आले, बँकेची येणी बुडाली, आणि ती रक्कमही गेली. कायद्याचा हेतू चांगला होता, बँकेचाही चांगला होता. दोन चांगल्या हेतूंची टक्कर झाली म्हणजे काय होते याचे एवढे ठळक उदाहरण आमच्या धंद्यातही क्वचितच आढळते.

रवींद्रनाथ अमेरिकेत असता त्यांची गाठ लेनर्ड एल्महर्स्ट या तरुण इंग्रजाशी पडली. हा यॉर्कशायरमधील एका धर्मोपदेशकाचा मुलगा. केंब्रिजला इतिहास शिकला. महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात आला असता येथील शेतीची दैना पाहून हळहळला. आणि मग कॉर्नेल विद्यापीठात शेतकी शिकावयास गेला. कवीने त्यास सुरूलला बोलाविले. पैशाचा प्रश्न डोरोथी स्ट्रेट या अमेरिकन विधवेने सोडविला. तिचे वडील विल्यम व्हिटनी यांनी न्यूयॉर्कच्या ट्राम कंपन्यांत मोठी संपत्ती मिळविली होती. न्यूयॉर्कच्या ट्रामचे भाडे बीरभूमच्या मातीत यावे, हा योग विलक्षण खरा. ६ फेब्रुवारी १९२२ रोजी एल्महर्स्ट शांतिनिकेतनच्या काही विद्यार्थ्यांसह सुरूलच्या कोठीत राहावयास गेला. या संस्थेस पुढे श्रीनिकेतन हे नाव मिळाले.

पहिला धडा कोणता दिला गेला, हे आमच्या वाचकांनी जरूर लक्षात घ्यावे. नांगर नव्हे, कुंचलाही नव्हे. विद्यार्थ्यांनी स्वतः चर खणून शौचकूप तयार करावयाचे आणि त्यातून होणारे खत स्वतःच शेतात घालावयाचे, हा तो धडा होता. उच्चवर्णीय घरांतील मुलांच्या हाती ज्या दिवशी ते फावडे आले, त्या दिवशी श्रीनिकेतनाची स्थापना झाली असे आम्ही समजतो. उद्घाटनाची तारीख दप्तरापुरती आहे. गावांची पाहणी केल्यावर एल्महर्स्टने गावांचे तीन शत्रू नोंदविले: माकडे, मलेरिया आणि परस्परांविषयीचा अविश्वास. पहिल्या दोहोंवर इलाज शास्त्रात होता. तिसऱ्यावर तो शास्त्रात नाही, हे ज्यांस उमगले तेच पुढे श्रीनिकेतनाचे खरे आधार ठरले. गावोगाव हिंडून लोकांच्या ओट्यावर बसणारे कालीमोहन घोष हे त्यांपैकी एक होत. त्यांच्या खटपटीने गावातील मुलांची व्रतीबालक पथके उभी राहिली. आग विझविणे, डबकी बुजविणे, आजाऱ्याची खबर आणणे ही त्यांची कामे. पुढे हॅरी टिंब्रेस नावाचे अमेरिकन क्वेकर डॉक्टर हिवतापाच्या कामासाठी येऊन राहिले, आणि गावकऱ्यांच्याच आरोग्य सहकारी संस्था उभ्या राहिल्या.

मग यात कलावंत कोठे होता? तो प्रथमपासून होता. रवींद्रनाथांचे चिरंजीव रथींद्रनाथ इलिनॉय विद्यापीठात शेतकी शिकून आले होते आणि त्याच हातांनी लाकूडकाम व चामड्याचे नक्षीकाम करीत. त्यांच्या पत्नी प्रतिमादेवी यांनी बाटिकसारख्या कलांस तेथे आश्रय मिळवून दिला. इलमबझारचे लाखेचे काम करणारे कारागीर बोलाविले गेले, विणकर आले, आणि शिल्पभवन उभे राहिले. ठसा उमटविलेल्या चामड्याच्या ज्या शांतिनिकेतनी पिशव्या आज भौगोलिक मानांकन मिरवितात, त्यांचे मूळ या खटपटीत आहे. कलाभवनाचे आचार्य नंदलाल बसू यांनी तर श्रीनिकेतनाच्या भिंतीवरच नांगरणीचा सोहळा भित्तिचित्रात उतरविला. हे चित्र १९३० सालचे.

त्या चित्रामागील प्रसंग देवळांच्या सहवासात वाढलेल्या आमच्या वाचकांस विशेष रुचेल. जुलै १९२८ मध्ये शांतिनिकेतनात वृक्षारोपण आणि श्रीनिकेतनात हलकर्षण असे दोन उत्सव रवींद्रनाथांनी सुरू केले. रोपट्यास छत्राखाली मिरवीत आणले, पंचमहाभूतांची सोंगे घेतलेली मुले त्यासमोर उभी राहिली, संस्कृत मंत्रपाठ झाला, आणि हलकर्षणाच्या वेळी कवीने स्वतः नांगराला हात लावला. धूप झालेल्या जमिनीवर झाडे लावा, असे सांगणारा शेतकी खात्याचा अधिकारी त्या काळीही होताच. त्याचे ऐकून कोणी झाड लावले असेल, पण दर वर्षी लावले असेल काय? कालगणनेत त्या कामाला एक दिवस मिळाला, गाणे मिळाले, वेष मिळाला, म्हणून ते टिकले. हे दोन्ही उत्सव अद्याप होतात. शास्त्राला जे सांगता येते ते दर वर्षी आठवणीत आणून देण्याचे काम कलेचे, अशी ही वाटणी आम्हांस दिसते. आपल्या पूर्वजांनी तुळशीला लग्न का लावून दिले, याचाही विचार त्या अंगाने करून पाहावा.

आता वकिलाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एल्महर्स्ट तेथे फार दिवस राहिला नाही. दोन-तीन वर्षांत त्याने कारभार तेथील माणसांच्या स्वाधीन केला. पैसा मात्र डोरोथीकडून त्यानंतरही अनेक वर्षे येत राहिला. १९२२ मध्येच विश्वभारती ही नोंदणीकृत संस्था झाली होती, आणि कवीने आपली तेथील मालमत्ता व बंगाली ग्रंथांचे हक्क तिच्या नावे करून दिले होते. १९५१ च्या कायद्याने ती केंद्रीय विद्यापीठ झाली आणि श्रीनिकेतनही त्या छत्राखाली आले. छत्र मिळाले, तसा खात्याचा कागदही आला. श्रीनिकेतन जगले, परंतु कोठीत राहावयास आलेल्या त्या पहिल्या तुकडीची उमेद नियमावलीत उतरविता येत नाही, अशी खंत तेथील जुन्या मंडळींच्या लिखाणात वारंवार आढळते. कोल्हापूरचे विनायक मासोजी यांच्यासारखे आपल्याकडील चित्रकार त्या पहिल्या काळात कलाभवनात शिकले आणि तेथेच शिकवीत राहिले, हे येथे जाता जाता नमूद करतो. नंदलालबाबूंचाही महाराष्ट्राशी संबंध आला. खानदेशातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले, त्याचे नगर त्यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या सामानातून सजविले.

दुसरे प्रकरण इंग्लंडात घडले. १९२५ च्या एप्रिलमध्ये एल्महर्स्ट आणि डोरोथी यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी त्यांनी डेव्हन परगण्यातील डार्टिंग्टन हॉल ही चौदाव्या शतकातील पडझड झालेली गढी भोवतालच्या शेतीसह विकत घेतली. डेव्हनकडे जागा पाहा, ही सूचना रवींद्रनाथांचीच. दिवाणखान्याला छप्परही उरले नव्हते. तेथील खेड्यांतून तरुण माणसे शहराकडे निघून जात होती, जमिनीचा कस उतरला होता. सुरूलला जे केले तेच येथे मोठ्या प्रमाणावर करून पाहावे, असा नवराबायकोंचा निश्चय होता. वने लावली, लाकूड कापण्याची गिरणी काढली, लोकर विणण्याचा कारखाना, फळबागा, कुक्कुटपालन, शेतीच्या अर्थशास्त्राचे संशोधन, आणि प्रत्येक खात्याचा स्वतंत्र हिशोब. त्याच आवारात नव्या पद्धतीची शाळा, नृत्य, नाट्य, चित्रकला. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेल्या कुर्ट योस यांच्या नृत्यमंडळास येथे आसरा मिळाला. रशियन नट मायकेल चेखॉव्ह यांनी १९३६ ते १९३८ येथे नाट्यशाळा चालविली. कुंभारकलेचे आचार्य बर्नार्ड लीच येथे राहिले. रवींद्रनाथ स्वतः १९३० मध्ये येथे मुक्कामास होते.

एवढे सर्व असूनही गावाशी त्यांचे सूत जुळावयास वेळ लागला. अमेरिकेचा पैसा, परदेशी कलावंत आणि मुलामुलींची एकत्र शाळा पाहून शेजारी बिचकले. गावचा धर्मोपदेशक तर उघड विरोधात होता. सुरूलला एल्महर्स्टने ज्यास तिसरा शत्रू म्हटले होते, तो त्याच्या मायदेशात त्याच्याच दारी उभा राहिला. खात्यांचे हिशोब चोख ठेवले तरी बहुतेकांत तूट येई आणि ती डोरोथीच्या पैशातून भरली जाई. पण कायद्याच्या बाजूने त्यांनी एक दूरदृष्टीची गोष्ट केली. १९३० च्या दशकाच्या आरंभीच ही सारी मालमत्ता त्यांनी विश्वस्तांच्या स्वाधीन केली, त्यामुळे संस्थापक गेल्यावर वारसांत तुकडे पडले नाहीत. त्या विश्वस्तनिधीने पुढे कला महाविद्यालय चालविले. १९९१ साली तेथेच पर्यावरणाचा विचार शिकविणारे शूमाखर महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या संस्थापकांत सतीश कुमार होते. १९६२ मध्ये विनोबांचा आशीर्वाद घेऊन, खिशात एकही पैसा न ठेवता, दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनला शांतियात्रेस निघालेल्या दोघांपैकी ते एक. कोकणातील गागोद्याचा आणि बडोद्यात वाढलेला विनायक भावे, बीरभूमचा कवी आणि डेव्हनची ही गढी यांचा धागा असा जुळला. तेथील विद्यार्थी स्वयंपाक करीत, भाजीचे वाफे खणीत, मातीविषयीची व्याख्याने ऐकत. २०२४ मध्ये विश्वस्तांनी आर्थिक ओढाताणीचे कारण देऊन तेथील पदवी अभ्यासक्रम बंद केले. कला महाविद्यालय तर २०१० पर्यंतच कॉर्नवॉलमधील फालमथला गेले होते. विश्वस्तनिधी मालमत्ता अभंग राखतो. तिच्यावर काय चालावे, याची हमी तो देत नाही. मालमत्ता राखण्यासाठी कधी तिच्यावरील काम बंद करणे हेच विश्वस्ताचे कर्तव्य ठरते. देवस्थानांच्या समित्यांवर बसणाऱ्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको.

डार्टिंग्टनमधूनच तिसरे प्रकरण निघाले. नर्तक उदयशंकर १९३६ मध्ये आपल्या मंडळासह तेथे राहिले होते. हिंदुस्थानातही असे एक केंद्र असावे, ही त्यांची इच्छा एल्महर्स्ट कुटुंबाने पैसा देऊन पुरी केली, आणि हिमालयात अल्मोड्याजवळ सिमतोला येथे त्यांचे संस्कृतिकेंद्र उभे राहिले. शिक्षकांची नुसती नावे घेतली तरी पुरे: कथकळीचे शंकरन् नंबुद्री, भरतनाट्यमचे कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीचे अमोबी सिंह आणि संगीताला साक्षात् उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. मंडळाच्या संगीताची धुरा विष्णुदास शिराली यांच्याकडे असे. शिराली हे आडनाव ऐकताच चित्रापूर मठाच्या वाचकांचे कान टवकारतील. ते विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य.

येथे पलुसकरांविषयी थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही, कारण निवासवृत्तीचा लेखी करार आपल्याकडे प्रथम पद्धतशीरपणे वापरला तो बहुधा त्यांनीच. १९०१ साली लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. उपदेशकवर्गाच्या विद्यार्थ्यांस घर, अन्न आणि विद्या मोफत. त्याच्या मोबदल्यात ठरावीक वर्षे राहण्याचे आणि मग विद्या पसरविण्याचे बंधन, तेही कागदावर. त्या करारातून गायनाचे शिक्षक देशभर पसरले. करार पक्का होता, मात्र मुंबईच्या इमारतीसाठी काढलेले कर्ज त्याहून पक्के निघाले. १९२० नंतरच्या काही वर्षांत धनकोंनी ती इमारत लिलावात काढली. इमारत गेली आणि शिष्य राहिले. आमच्या धंद्यात याच्या नेमके उलटे घडलेले आम्ही अधिक वेळा पाहिले आहे.

अल्मोड्यातही असेच झाले. 'श्रम आणि यंत्र' हा यंत्रयुगातील मजुरावरचा नृत्यप्रबंध तेथे बसविला गेला. रामायणाचा छायाखेळ उघड्या मैदानात झाला, तेव्हा कुमाऊंच्या डोंगरवस्त्यांतून माणसांची रीघ लागली, आणि त्याची छाप तिकडच्या रामलीलांवर पडली असे सांगतात. परंतु या वसाहतीत शेतकी जाणणारा नव्हता, वैद्य नव्हता, गावाशी रोजचा व्यवहार नव्हता. डोंगरावरून रोज खाली उतरण्याचे कारण नव्हते. युद्ध पेटले, परदेशातून येणारा पैसा आटला, आतल्या कुरबुरी वाढल्या, आणि १९४४ पर्यंत केंद्र बंद पडले. ते वाचावे म्हणून धावून येईल असा शेजारी त्याला नव्हता. श्रीनिकेतन बंद पडते तर निदान दवाखान्याचे सभासद आरडाओरडा करते.

एवढ्यावर निकाल देऊन मोकळे व्हावे असे आमच्या मनात होते. पण प्रामाणिकपणे पाहता निकाल इतका सोपा नाही. अल्मोड्यास शिकलेल्या मुलांत चित्रापूर सारस्वत कुटुंबातील एक पोरगेलासा तरुण होता, गुरुदत्त पदुकोण. केंद्र बंद पडल्यावर तो १९४४ मध्ये पुण्यास प्रभात फिल्म कंपनीत आला, आणि पुढे त्याने पडद्यावर छायाप्रकाशाचे जे केले ते सर्वांस ठाऊक आहे. शांती बर्धन तेथूनच निघाले. माणसांनीच कठपुतळ्यांसारखे हलावे अशा रीतीचे त्यांचे रामायण मुंबईत जन्मले, आणि त्यांच्या पश्चात त्यांचे लिटल बॅले ट्रूप काही वर्षे ग्वाल्हेरीस आणि मग भोपाळास नांदले. उदयशंकरांनी स्वतः 'कल्पना' हा चित्रपट १९४८ मध्ये पुरा केला, त्याचे संगीत शिरालींचे. जे घर चार-पाच वर्षांत मोडले त्याचे बी इतके दूर उडाले, आणि जे शंभर वर्षे टिकले त्याने एका जिल्ह्याचे हिवताप आणि झाडे सांभाळली. यांत थोर कोणते, हे ठरविण्याचा अधिकार आम्ही स्वतःकडे घेत नाही. कलेपुरते पाहिले तर कदाचित मोडणेही उपकारक ठरते. तळीच्या पाण्यापुरते पाहिले तर मोडणे परवडत नाही, एवढे मात्र निश्चित.

आणि या साऱ्यांहून जुना दाखला आमच्या घरातच आहे. तो सांगितल्यावाचून लेख पुरा करणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. गोमंतकातील देवळांनी शतकानुशतके गवई, वादक आणि नर्तकींना जागा दिली, जमिनीचे उत्पन्न दिले, नैवेद्यात वाटा दिला. मंगेशीच्या परिसरात १९०० साली दीनानाथ मंगेशकर जन्मले. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांच्या गळ्यांनी हिंदुस्थानी संगीताची मान उंचावली. देवळाशी बांधलेल्या समाजाचे हे धन होय. आमच्या वृद्ध महाजनांचे पहिले दोन प्रश्न त्या व्यवस्थेने पूर्वीच सोडविले होते. तिसऱ्याचे उत्तर मात्र भयंकर होते: वतले केन्ना? तर कधीच नाही. जन्माने लागलेली सेवा मरणाने सुटे, आणि तीही लेकीच्या माथी जाई. राजाराम पैंगीणकर यांनी 'मी कोण?' या आत्मकथनात त्या बंधनाची हकीगत निर्भीडपणे सांगितली आहे, आणि गोमंतक मराठा समाजाने ते बंधन स्वतःच्या हिमतीने तोडले. त्यांस मुक्त करण्यात आम्हां महाजनांचा वाटा फार थोडा. कलेला स्थैर्य देणारी आमची जुनी सनद एवढी पक्की होती की तिच्यातून बाहेर पडण्याचे कलमच तिच्यात नव्हते. आधुनिक निवासवृत्ती सहा महिन्यांची असते म्हणून तिला हसणारांनी हे कलम एकदा आठवावे.

म्हणून मसुदा करताना आमची लेखणी सर्वांत अधिक रेंगाळली ती जाण्याच्या कलमावर. मुदत पावसाळा संपल्यापासून सहा महिने. मधेच निघून जाण्याची तिघांनाही मोकळीक, कारण न सांगता. ज्या कलाकृती ते करतील त्या त्यांच्या. तळीची मापे, गाळाच्या नोंदी आणि पाण्याच्या वाटांचा नकाशा मात्र देवस्थानाचा, आणि तो मराठी व कोंकणी या दोन्ही भाषांत. पंधरा दिवसांतून एकदा कुळागरवाल्यांबरोबर बसावयाचे, त्यांच्या सोयीच्या वेळी. गाळ काढण्याची जी रीत ठरेल ती पुढे चालविण्यासाठी गावातील चार माणसे पहिल्या महिन्यापासूनच त्यांजबरोबर राहतील; त्यांची नावे करारातच घालावी असा आमचा आग्रह होता आणि तो मान्य झाला. काम संपल्यावर माणसे शोधू नयेत, हे सुरूलचे आम्ही घेतलेले शिक्षण. जेवणाविषयी ठरले ते असे की, चूल त्यांची स्वतंत्र, परंतु पालखीच्या दिवशी ते पंगतीस बसतील आणि वाढावयासही उठतील.

पोर्तुगीज अमदानीत १८८६ साली झालेले आणि १९३३ साली पुन्हा घडविलेले महाजनीचे नियम गोव्यातील आमच्या देवस्थानांस आजवर बांधून आहेत, त्यामुळे अंदाजपत्रकाबाहेरचा खर्च समितीस आपल्या मर्जीने करता येत नाही. करार प्रशासकांच्या, म्हणजे मामलेदारांच्या, नजरेखालून जावयाचा आहे. गेल्या बैठकीत मसुदा वाचला गेला तेव्हा वृद्ध महाजन शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की, त्या दोन खोल्या गेल्या पावसात गळत होत्या, त्यांचे काय? कोणाच्याच ते ध्यानात नव्हते. तेव्हा इतर सर्व बाबी मंजुरीवर सोडून, अग्रशाळेच्या शाकारणीचा खर्च मात्र त्याच दिवशी एकमताने मान्य करण्यात आला. चालू वर्षाच्या दुरुस्तीच्या बाबीत तेवढी रक्कम शिल्लक होती.